सापाच्या पेटीसाठी हीटरच्या आधी थर्मोस्टॅट निवडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पाळीव सापांवर आलेल्या लेखात आहार, पेटीचा आकार, कात टाकताना घ्यायची काळजी यांची माहिती नेटकी होती. ऊब देण्याबद्दल मात्र एकच वाक्य होते : ‘पेटीत बल्ब लावावा किंवा खाली हीट मॅट ठेवावी.’ (हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई.) भाजलेला साप घेऊन पशुवैद्याकडे धावायची वेळ येते ती नेमकी एवढ्याच माहितीवर मांडलेल्या पेट्यांमुळे. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबलेले आहे. कायद्याने पाळता येणाऱ्या आणि पाळणाऱ्यांकडेच जन्मलेल्या सापांपुरतेच ते आहे. रानातून धरून आणलेल्या सापासाठी कोणतीही पेटी योग्य नाही.

साप आपल्या शरीरात पुरेशी ऊब तयार करू शकत नाही. (अंड्यांना वेटोळे घालून बसलेली अजगराची मादी स्नायू थरथरवून थोडीफार करते, तो अपवाद.) पचन, रोगाशी झुंजणे, कात सुटणे हे सगळे बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. भक्ष्य गिळल्यावर पेटी थंड पडली तर पोटातले अन्न पचण्याऐवजी सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो. दिवसचे दिवस गारवा राहिला तर श्वसनाचा संसर्ग होतो : तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान उंचावून उघड्या तोंडाने श्वास घेणे. इतपत बहुतेकांना ठाऊक असते, आणि त्या भीतीपोटीच पेटी हवी त्यापेक्षा जास्त तापवली जाते.

सापाला एकच एक तापमान नको असते. गरम आणि गार अशा दोन टोकांमध्ये ये-जा करून तो शरीराचे तापमान सांभाळतो. म्हणून हीटर कायम पेटीच्या एका टोकाला असतो, मधोमध कधीच नाही. बॉल पायथनला शेकण्याच्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला गरम टोकाला २९ ते ३१ पुरतात आणि गार टोक २२ ते २४ पर्यंत खाली असलेले चालते. केनियन सँड बोआ वाळूत राहणारा असल्याने त्याला शेकायला ३२ ते ३५ अंशांची जागा लागते. हे आकडे साप जिथे अंग टेकतो त्या पृष्ठभागाचे आहेत, पेटीच्या छताजवळच्या हवेचे नाहीत. दोन्हींत सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, दोन्ही अंगाला घट्ट बसतील अशा. लपण फक्त गरम टोकाला असेल तर साप तापला तरी तिथून हलत नाही, कारण उघड्यावर येण्यापेक्षा तो उकाडा सोसतो. लपण फक्त गार टोकाला असेल तर तो उपाशी आणि गारठलेला तिथेच पडून राहतो आणि पाळणारा हीटरचा काटा वर सरकवत बसतो. पेटीतले तापमान बरोबर असूनही सापाचे चुकत असेल तर आधी लपणाची जागा पाहावी, मग हीटर.

आता मुद्द्याचे. ऊब देणे सोपे आहे. ती वेळेवर थांबवणे कठीण. कोणताही हीटर निवडताना पहिला प्रश्न हा असावा : याला रोखणारे यंत्र बिघडले आणि हा पूर्ण ताकदीने चालूच राहिला, तर सकाळपर्यंत पेटीत काय होईल?

हा नुसता शंकेखोरपणा नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान मोजून हीटरची वीज रोखणारे यंत्र, बिघडतो तेव्हा तो ‘बंद’ स्थितीतच अडकेल असे नाही. साध्या थर्मोस्टॅटमध्ये रिले असतो, म्हणजे विजेने उघडझाप होणारे दोन धातूचे संपर्कबिंदू. दर उघडझापीला तिथे बारीक ठिणगी पडते. हजारो वेळा असे झाल्यावर ते बिंदू एकमेकांना चिकटून बसू शकतात. मग पडद्यावर ‘हीटर बंद’ असे दिसत असते आणि हीटर मात्र चालूच असतो. दुसरा प्रकार अधिक साधा आणि अधिक वेळा घडणारा : थर्मोस्टॅट ठणठणीत असतो, पण त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, जागेवरून सरकलेला असतो. प्रोब गार टोकाकडे गेला की पेटी थंड आहे अशी थर्मोस्टॅटची खात्री पटते आणि तो हीटरला वीज देतच राहतो. पाण्याच्या भांड्यात पडलेला प्रोबही तेच करतो.

पहिला बचाव वॅटच्या हिशेबातच आहे. पेटीतून बाहेर जाणारी उष्णता साधारणपणे आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात असते. समजा, एखादी पेटी खोलीपेक्षा १० अंश गरम ठेवायला सतत ५० वॉट लागतात. तिच्यात १५० वॉटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता तापणारा चिनी मातीचा हीटर) बसवला आणि तो अखंड चालू राहिला तर पेटी खोलीपेक्षा सुमारे ३० अंश वर जाईल. खोली २५ अंशांवर असेल तर पेटी ५५ वर. त्यात साप वाचत नाही. त्याच पेटीत ७५ वॉटचा हीटर असता तर तीच चूक पेटीला ४० च्या आसपास नेते. तेही घातकच, पण तिथवर पोहोचायला वेळ लागतो, गार टोक त्याहून खाली राहते आणि कुणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता उरते. म्हणून खोलीच्या सर्वांत थंड रात्री जेमतेम पुरेल आणि वर थोडीच शिल्लक राहील एवढ्याच ताकदीचा हीटर घ्यावा. ‘असू दे मोठा, थर्मोस्टॅट आहेच’ हा विचार उलटा आहे. हीटर योग्य आहे की नाही हे कळायला सोपी खूण : थंड रात्री तो बहुतेक वेळ चालू दिसावा. तासन्‌तास एकदाही बंद होत नसेल आणि तापमानही गाठत नसेल तर तो अपुरा आहे. काही सेकंद चालून बंद होत असेल आणि त्यानंतरही तापमान दोन-तीन अंश वर उडी घेत असेल तर तो फार मोठा आहे.

थर्मोस्टॅटचे तीन प्रकार मिळतात, आणि कोणता कशाला जोडायचा हे ठरलेले आहे. साधा चालू-बंद प्रकार हीट मॅटला आणि चालवून घ्यायचेच तर सिरॅमिकला चालतो. बल्बला तो जोडू नये, कारण सतत पेटण्या-विझण्याने फिलॅमेंट लवकर तुटते आणि दिव्याच्या उघडझापीने साप बिथरतो. पल्स प्रकार विजेचे छोटे-छोटे ठोके देतो आणि सिरॅमिक, मॅट, पेटीच्या छताला बसवायचे तापणारे पॅनेल यांना उत्तम. बल्बला जोडला तर तो लुकलुकत राहतो. डिमिंग प्रकार वीज हळूहळू कमी-जास्त करतो. हॅलोजन आणि इतर फिलॅमेंटच्या बल्बांना हाच हवा. मर्क्युरी व्हेपरचा दिवा यांपैकी कशालाच जोडायचा नसतो. थर्मोस्टॅटवर किती वॉट चालतात ते लिहिलेले असते. जोडलेल्या हीटरची बेरीज त्याच्या बरीच आत असावी. काही थर्मोस्टॅटना किमान वॉटचीही अट असते आणि ७ वॉटची इवलीशी मॅट त्यांवर नीट चालत नाही. आणि एका थर्मोस्टॅटवर दोन पेट्या चालवणे म्हणजे ज्या पेटीत प्रोब नाही ती देवाच्या भरवशावर सोडणे.

दुसरा बचाव म्हणजे एकामागोमाग एक असे दोन थर्मोस्टॅट. भिंतीतल्या प्लगमध्ये आधी राखणदार थर्मोस्टॅट (कामाचा बिघडला तर वीज तोडणारा), त्यात कामाचा थर्मोस्टॅट आणि त्यात हीटर. कामाचा ३२ अंशांवर लावला असेल तर राखणदार ३५ वर लावावा. दोघांचे प्रोब शेकण्याच्या एकाच भागात, पण वेगवेगळे पक्के केलेले असावेत. एकाच चिमट्यात दोन्ही अडकवले तर दोन्ही एकदमच निसटतील आणि दोन थर्मोस्टॅट असून नसून सारखे. क्रम उलटा करू नये. डिमिंग थर्मोस्टॅटमधून बाहेर पडणाऱ्या विजेची लहर कापलेली असते आणि तिच्यावर दुसऱ्या थर्मोस्टॅटचे इलेक्ट्रॉनिक्स चालवले तर ते भरकटते किंवा जळते. म्हणून राखणदार साधा चालू-बंद प्रकारचा आणि नेहमी भिंतीच्या बाजूला. त्याची परीक्षाही घ्यावी लागते : साप बाहेर काढून कामाचा थर्मोस्टॅट ३८ वर न्यावा आणि ३५ ला वीज तुटते का ते पाहावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करायला अर्धा तास पुरतो. मागे लागून करून घ्यावे असे हे काम आहे, कारण राखणदार एरवी कधीच कामाला येत नाही, त्यामुळे तो मेला तरी कळत नाही.

प्रोब कुठे लावायचा हे हीटरवर ठरते. काचेच्या टाकीखाली मॅट असेल तर प्रोब बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये बसवावा. तिथे साप त्याला हलवू शकत नाही, त्याच्यावर मलमूत्र पडत नाही आणि मॅट तापल्याचे त्याला सर्वांत आधी कळते. या रचनेत काचेच्या बाहेरचे आणि आतल्या पृष्ठभागाचे तापमान सारखे नसते, आत काही अंश कमी असते. म्हणून आतला पृष्ठभाग मोजत-मोजत थर्मोस्टॅट जुळवावा. आत ३२ मिळायला थर्मोस्टॅटवर ३५ किंवा ३६ लावावे लागले तर तेच त्या पेटीसाठी बरोबर. (अशा वेळी राखणदारही त्याच मापाने तीन अंश वर न्यायचा.) वरून ऊब देत असाल तर प्रोब शेकण्याच्या जागी, साप बसतो त्या उंचीवर हवा. सापाच्या अंगाखाली दबेल असा मात्र नको, कारण थंड साप त्यावर बसला की प्रोबला थंडी वाजते आणि हीटर वाढतो. प्रोबची वायर ठरावीक अंतरावर स्क्रूच्या क्लिपांनी किंवा सिलिकॉनने भिंतीला पक्की करावी. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही वापरू नये, ना प्रोबसाठी ना थर्मामीटरसाठी. उबेने तिची कड सुटते, साप अंग घासतो आणि पट्टी खवल्यांना चिकटते. ती ओढून काढताना कातडी फाटते. चिकटलीच तर खाद्यतेल लावून हळूहळू सोडवावी.

हीट मॅटबद्दल थोडे अधिक, कारण ती दिसते निरुपद्रवी. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४५ अंशांच्या वर सहज जाऊ शकते. मॅटचे वॉट कमी म्हणून ती सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. तिची सगळी उष्णता तळहाताएवढ्या जागेत असते आणि ती बाहेर पडायची वाट बंद झाली की तापमान चढत जाते. मॅटवर जड दगड ठेवला, पाण्याचे सपाट बुडाचे भांडे ठेवले किंवा जाडजूड साप तासन्‌तास एकाच जागी वेटोळे घालून बसला की त्या ठिकाणी उष्णता अडकते. भुशाचा जाड थर घातला की वरून सगळे कोमट लागते, पाळणारा काटा वाढवतो आणि साप उकरत खाली जाऊन थेट तापलेल्या काचेवर बसतो. मॅटच्या वर थर एक-दोन सेंटिमीटरच असावा. मॅटने तळाचा एक तृतीयांश भाग व्यापावा, फार तर अर्ध्याच्या आत. टाकी टेबलावर सपाट टेकवू नये. चारही कोपऱ्यांना रबरी पाय लावून पाच-सहा मिलिमीटरची पोकळी सोडावी, नाहीतर मॅटची उष्णता टेबल आणि काच यांच्यात कोंडते आणि काच तडकू शकते. लाकडी पेटीच्या तळाखाली बाहेरून मॅट लावणे तर निव्वळ धोका. लाकूड उष्णता आत जाऊ देत नाही, साप गारच राहतो आणि लाकूड मात्र तापत राहते. मॅटला घडी घालायची नसते, कापायची नसते आणि एकदा चिकटवलेली सोलून दुसरीकडे लावायची नसते, आतल्या पट्ट्या तुटतात आणि तुटलेल्या जागी ठिणगी पडते. तपकिरी डाग पडलेली किंवा फुगा आलेली मॅट त्याच दिवशी फेकावी. शिवाय मॅट हवा तापवत नाही. खोली १६ अंशांवर उतरत असेल तर एकट्या मॅटवर साप ठेवणे चूक आहे : अंगाभोवतीची हवा गार आणि जमिनीचा एकच तुकडा तापलेला, अशा पेटीत साप शरीर आतून गरम होईपर्यंत त्या तुकड्यावर पडून राहतो आणि तोवर पोटाचे खवले भाजलेले असतात.

साप चटका बसताच दूर होईल, ही अपेक्षाच सोडून द्यावी. धोकादायक तापलेल्या जागेवर साप तसेच बसून राहतात, हे सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना चांगले माहीत आहे.

वरून द्यायच्या उबेत हॅलोजनचा बल्ब, सिरॅमिक हीटर आणि छताला बसवायचे पॅनेल असे तीन मार्ग. हॅलोजनची अवरक्त किरणे उन्हातल्यासारखी कातडीच्या थोडी आतवर पोहोचतात, त्यामुळे दिवसा शेकायला तो चांगला. रात्री दिवा नको, लाल नको आणि निळाही नको. सापांना दिवस-रात्रीची लय लागते आणि रंगीत काच लावल्याने उजेड नाहीसा होत नाही. रात्री ऊब हवीच असेल तर सिरॅमिक. त्याला उजेड नसतो आणि तोच त्याचा धोकाही आहे, चालू आहे की बंद ते दिसत नाही आणि त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो. त्याला प्लास्टिकचा होल्डर चालत नाही, तो वितळतो. चिनी मातीचा होल्डर आणि उष्णता सोसणारी वायरच हवी. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक बल्बला आणि सिरॅमिकला तारेच्या जाळीचा पिंजरा हवा, बल्बपासून चारही बाजूंनी काही सेंटिमीटर दूर आणि छताला स्क्रूने पक्का. जाळीची भोके एवढी बारीक असावीत की सापाचे डोके आत शिरणार नाही. ‘तिथपर्यंत साप कशाला चढेल?’ असे विचारणाऱ्यांनी रात्री पेटी पाहावी. पिंजरा नसलेल्या सिरॅमिकला विळखा घालून बसलेल्या सापाच्या जखमा फार वाईट असतात.

टाकीच्या जाळीच्या झाकणावर चिमट्याने दिवा अडकवणे ही घराला आग लागण्याची तयारी आहे. चिमटा उष्णतेने सैल होतो, मांजर उडी मारते, दिवा भुशावर किंवा पडद्यावर पडतो. दिवा साखळीने किंवा कंसाने टांगावा आणि त्याच्या वजनाला दुसरा स्वतंत्र आधार द्यावा. अंतर महत्त्वाचे आहे : बल्बपासूनचे अंतर निम्मे केले तर जवळपास चौपट उष्णता मिळते, म्हणून दिव्याखाली नवी फांदी किंवा उंच लपण ठेवले की मोजणी पुन्हा करावी. सापाच्या पाठीपासून मोजावे, जमिनीपासून नव्हे. घरात पक्षी असतील तर काच फुटू नये म्हणून लेप दिलेले हीट बल्ब आणू नयेत. त्यांतल्या काहींवरच्या लेपाच्या वाफा पक्ष्यांचा जीव घेतात.

छताचे पॅनेल महाग पडते, पण मोठ्या पेटीसाठी आमचे मत त्यालाच. उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली असल्याने तो पृष्ठभाग सिरॅमिकसारखा जाळणारा होत नाही. थर्मोस्टॅट त्यालाही लागतोच. आतून तापणारे नकली दगड मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नयेत, ते एका जागी कोमट आणि चार बोटांवर भाजणारे असतात. माणसांच्या कंबरेला शेक द्यायची पॅडे आणि रोपांसाठीच्या मॅट यांच्यावरही भिस्त ठेवू नये. पॅडे ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात आणि रोपांच्या मॅटचा तापमानाचा अंदाज वेगळ्याच कामासाठी बांधलेला असतो.

मोजणीशिवाय यातले काहीच खरे नाही. काचेला आतून चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेचे तापमान सांगतात, तेही अंदाजे. गरम आणि गार टोकाला एकेक डिजिटल थर्मामीटर प्रोबसह ठेवावा, दिवसभराचे कमाल-किमान लक्षात ठेवणारा. प्रोब पाण्यात चालणारा असेल तर त्याची पारख घरी होते : कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी यांचा घट्ट काला करून त्यात प्रोब ढवळत दोन-तीन मिनिटे धरावा, शून्य अंश दिसले पाहिजे. एक अंश इकडेतिकडे असेल तर तेवढे लक्षात ठेवून वाचावे, तीन अंश असेल तर तो टाकून द्यावा. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड बंदूक सोयीची, पण तिच्या दोन खोडी आहेत. काचेबाहेरून धरली तर ती काचेचेच तापमान सांगते. आणि चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवते. तिच्यावर १२:१ असे लिहिले असेल तर ६० सेंटिमीटरवरून ती ५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी सांगते, लेसरच्या ठिपक्याचे तापमान नव्हे. बारीकसा तापलेला ठिपका शोधायचा तर जवळ जावे लागते.

विजेचे काम करताना लक्षात असू द्यावे की ही जागा दमट आहे, आणि शेजारी पाण्याचे भांडे आहे. पेट्यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा ‘अर्थ लीकेज’ ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पेटीकडून येणारी वायर सॉकेटपर्यंत थेट न नेता आधी सॉकेटच्या खाली झुलवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोक्यावरून खाली गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड अडकवू नये. सापाच्या हीटरचा करंट फारसा नसतो, पण तो महिनोन्‌महिने अखंड वाहतो, आणि सैल प्लग त्याच तेवढ्या करंटने हळूहळू करपतो. प्लगला अधूनमधून हात लावून पाहावा, कोमट लागला तर बदलावा. वायर पेटीच्या दारात चिरडू नये. त्या खोलीत धुराचा अलार्म असावा. पेटीवर कधीही थेट ऊन येऊ देऊ नये. काचेची टाकी उन्हात थोड्याच वेळात जीवघेणी तापते आणि त्या वेळी थर्मोस्टॅट हीटर बंद करण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. हेच उन्हाळ्याबाबत : खोलीच ३५ च्या वर जात असेल तर प्रश्न ऊब देण्याचा राहत नाही, खोली गार करण्याचा होतो.

नवी पेटी मांडली की साप न ठेवता किमान दोन दिवस चालवावी. त्यात एक रात्र थंड आणि एक दुपार खोली सर्वांत तापलेली अशी मिळाली तर उत्तम. दोन्ही टोकांचे कमाल-किमान लिहून ठेवावे. ऋतू बदलला, पेटी दुसऱ्या भिंतीला हलवली, भुशाऐवजी कागद घातला, तरी हेच पुन्हा.

वीज गेली तर घाईने काही करू नये. निरोगी मोठा साप खोलीच्या साध्या तापमानाला एखादा दिवस सहज काढतो. पेटीवर घोंगडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवून आणि दिवे-हीटरचे प्लग काढूनच, नाहीतर वीज आल्यावर घोंगडीखाली दिवा पेटेल. खोली फारच गारठत असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एका टोकाला ठेवाव्यात. उकळते पाणी भरू नये. चोळून गरम करायच्या रासायनिक पुड्या बंद खोक्यात सापाजवळ ठेवू नयेत, त्या खूप तापतात आणि हवेतला प्राणवायू वापरतात. पेटी पूर्ववत होईपर्यंत भक्ष्य देऊ नये. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा, कारण चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर डिमिंग थर्मोस्टॅट बेभरवशाचे वागतात. वीज परतल्यावर थर्मोस्टॅटवरचा आकडा पाहावा, काही स्वस्त यंत्रे कारखान्यातल्या मूळ आकड्यावर परत जातात.

साप अति तापल्याची लक्षणे अशी : सतत येरझारा, गार टोकाच्या कोपऱ्यात नाक खुपसणे, दिवसभर पाण्याच्या भांड्यात पडून राहणे (यामागे गोचिडासारखे किडेही असू शकतात, खवल्यांमध्ये पाहावे), उघडे तोंड, आणि शेवटी उताणा केला तर सरळ होता न येणे. त्याला लगेच गार खोलीत हलवावे, उथळ कोमट पाण्यात ठेवून डोके वर धरावे आणि पशुवैद्याला फोन करावा. बर्फ किंवा गारेगार पाणी नको.

भाजल्याचे त्याच दिवशी दिसेल असे नाही. आधी पोटाचे खवले गुलाबी किंवा लालसर दिसतात, मग पाण्याचे फोड येतात, काही दिवसांनी खवले तपकिरी-काळे पडून कडक होतात आणि पुढची कात त्याच जागी अडकते. म्हणून सापाला हातात घ्याल तेव्हा पोट पाहायची सवय असावी. ताजी भाजलेली जागा वाहत्या, गार पण बर्फाळ नसलेल्या पाण्याखाली दहा मिनिटे धरावी. तूप, तेल, टूथपेस्ट, हळद यांतले काही लावू नये, फोड फोडू नयेत. भुसा काढून तळाला साधा पांढरा कागद घालावा आणि तो रोज बदलावा, म्हणजे जखमेला कण चिकटणार नाहीत. पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे, कारण सापाच्या भाजलेल्या कातडीतून शरीरातले पाणी जाते आणि संसर्ग आत उतरतो. खवले भरून यायला कित्येक काती, म्हणजे कित्येक महिने लागतात. जाताना पेटीच्या दोन्ही टोकांच्या तापमानाचे आकडे, हीटरचे वॉट आणि प्रोब कुठे होता हे कागदावर लिहून न्यावे. जखम नव्याने होत आहे की जुनीच आहे हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते. आणि ती पेटी कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू करू नये.

आपले,
सरपटणारे प्राणी सांभाळणारे काही वाचक